तेलाचं सांगितलंत

४ फेब्रुवारी, बुधवार
गाडी गेली. दळवीच्या गॅरेजची माणसं दहाला आली, टोचन लावलं, साडेदहाला मांगर रिकामा, नुसती शेड उरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मांगराची मागची भिंत अख्खी दिसली. खिळ्यांवर ह्यांची हत्यारं तशीच लटकताहेत. खाली जमिनीवर गाडीएवढा तेलकट काळा डाग.

दळवीने छापील कागद दिला. तीन लाख चाळीस हजार, सात महिने. "काकू, ही नुसती दुरुस्ती नाही. कारखान्यातून निघाली तशी करून देतो." मी म्हटलं, कारखान्यातून निघाली तशी मी कुठे पाहिली? आमच्याकडे आली ती गावच्या डॉक्टरांनी अकरा वर्षं वापरून. तो हसला. माणूस बरा वाटतो.

सही केली. ह्यांच्या फंडातली एफडी मोडली.

५ फेब्रुवारी
ठाण्याहून नितीनचा फोन.
"आई, एवढ्यात नवी गाडी आली असती."
"नवी चालवणार कोण?"
"आणि ही कोण चालवणार?"
मला गाडी येत नाही. हे शिकवतो म्हणायचे, मी नंतर म्हणायची.

पण पासिंगची मुदत संपत आली आहे. आहे त्या अवस्थेत ती पास होणार नाही, आणि पास झाली नाही की भंगारात. एवढं तरी त्याला पटायला हवं. बापाच्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरलेला मुलगा तो.

८ फेब्रुवारी, रविवार
मांगरात वास अजून आहे. माशाच्या तेलाचा. होड्यांना लावतात ते.

सासरे तांडेल होते, होडीवरचे मुख्य. लाकूड टिकतं त्याने, मग पत्रा का नाही टिकणार, असा ह्यांचा हिशेब. हे बर्फाच्या कारखान्यात फिटर होते, गंजाशी रोजची गाठ. दर मे महिन्यात जुनी लुंगी नेसून गाडीखाली शिरायचे. दारांच्या आतून, तळाला, कोपऱ्याकोपऱ्यात तेल. वाडीतली माणसं रस्त्यावरून ओरडायची, "काय रे, यंदा पाण्यात ढकलतोस काय गाडी?" मग आठ दिवस तिच्यात कोणी बसायचं नाही. आम्ही दोघंच बसायचो. एकदा तशीच आंजर्ल्याला नेली, माझ्या माहेरी. आई दारातूनच म्हणाली, जावईबापू मासळी घेऊन आले वाटतं.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात एवढंच नीट बोलले. "मे महिन्यात तेल विसरू नको."

नाही विसरले. सहा वर्षं लावलं. गुडघे वाजतात तरी खाली बसून. हे एक डबा वापरायचे, मी दोन ओतायची.

१२ फेब्रुवारी
दळवीला गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक हवंय, त्यातली चित्रं बघून बारीकसारीक वस्तू जुळवायच्या आहेत म्हणे. ट्रंकेत सापडलं. इंग्रजीत आहे. माझी शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयातलं. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकले तेवढंच.

देण्याआधी वाचायचं ठरवलं. रोज अर्धं पान. आज 'सुरू करण्यापूर्वी' हे प्रकरण. दोन तास गेले. बरे गेले.

१६ फेब्रुवारी, सोमवार
एमआयडीसीत दळवीच्या गॅरेजमध्ये जाऊन आले. जायला नको होतं.

गाडी चौकटीवर उभी. चाकं नाहीत, काचा नाहीत, सीट बाहेर काढून ठेवलेली. पत्र्याचं काम करणारे युसुफभाई म्हणून आहेत, साठीचे. मला बघून उठले.
"भाभी, दर्यावरची माणसं का तुम्ही?"
"सासरे तांडेल."
"तरीच. मी दळवीशेटला बोललो, गाडी नाय, होडी आणलीस ही."

तळाचा पत्रा त्यांनी हातोडीने वाजवून दाखवला. खणखणीत. "इतक्या जुन्या गाडीचा असा तळ मी बघितला नाय. ज्याने केलं त्याला सलाम." मला फार बरं वाटलं. मग म्हणाले, पण या तेलावर नवा रंग धरणार नाही, फोड येतील. सगळं खरवडून, धुऊन कोऱ्या पत्र्यापर्यंत जावं लागेल. म्हणजे खर्च वाढला.

पुढचं लिहायलाच हवं.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ह्यांच्या बाजूच्या दाराला खालच्या कडेला टेकवला. आरपार गेला. जोरसुद्धा लावला नव्हता. चारही दारं तशी, दारांखालच्या पट्ट्याही. "वरून ठीक, खालून भुसा." दाराच्या तळाला भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडतं. ती सगळी बुजलेली. जुन्या तेलाचा गाळ त्यात बसून घट्ट बूच झालेलं. पाणी आत साठत राहिलं, पावसाळ्यामागून पावसाळा.

"पाचसहा वर्षांतलं आहे हे, भाभी. आधीचं नाय. आधी कोणीतरी भोकं राखत होतं."

दळवीने नवा आकडा सांगितला. सव्वापाच लाख. पुढे आमचं काय बोलणं झालं ते रिक्षात बसल्यावर आठवेना.

१७ फेब्रुवारी
काही नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार
पुस्तकात ते पान सापडलं. दाराचं चित्र, खाली बाण. ड्रेन. कोशात गटार, निचरा. 'ही भोकं नेहमी मोकळी ठेवावीत.' एक ओळ. समासात ह्यांच्या पेन्सिलीच्या बारीक खुणा, एकाखाली एक. दर वर्षीची एक असणार. शेवटची खूण ते आजारी पडले त्या वर्षाची.

मांगरात गेले. तिसऱ्या खिळ्याला सायकलची तार आहे, टोकाला वाकवलेली, तेलाने काळी. कायम तिथेच असते. तेल लावून झालं की दुसऱ्या दिवशी हे ती घेऊन दारांशी बसायचे, अर्धा अर्धा तास. मी चहा घेऊन जायची. "आता काय गाडीचे कान कोरताय?" हसायचे. कप घ्यायचे. सांगितलं कधीच नाही. मी विचारलंही नाही. पुरुषांचं काहीतरी चालू असतं, एवढंच धरून चालले.

ते गेल्यावर एकदा त्याच तारेने मोरीत अडकलेले केस काढले. धुऊन परत खिळ्याला लावली. हातात होती तेव्हासुद्धा...

तेलाचं सांगितलंत. तारेचं नाही.

२१ फेब्रुवारी
आज दिवसभर राग. मेलेल्या माणसावर रागावून काय होणार? तरी होता. भात करपला.

मी दोन डबे ओतत होते. एक डबा ओतला असता तर निदान इतका गाळ बसला नसता.

२३ फेब्रुवारी, सोमवार
दळवीचा फोन. दोन वाटा. कोल्हापुरात असलीच एक गाडी भंगारात निघाली आहे, तिची चारही दारं आणायची. नाहीतर युसुफभाई आपल्याच दारांना खालून नवा पत्रा ठोकून जोडतील, त्याला दीड महिना आणि कोल्हापूरच्या दारांच्या दुप्पट पैसे. दोन्ही नको असेल तर झालेल्या कामाचे पैसे देऊन सांगाडा घरी न्यायचा.
"शिमग्याची पालखी झाली की सांगा, काकू. त्यानंतरच्या सोमवारपर्यंत. मग मला पुढची गाडी घ्यायचीय."

ह्यांच्या दारावर कोपर टेकून टेकून वाटीएवढा रंग गेलाय. ते सांगितलं.
"तो तर असाही जाणार. सगळंच कोरं होणार ना."
खोटं काय बोलला? कारखान्यातून निघाली तशी. तिथे हे नव्हतेच.

२५ फेब्रुवारी
नितीनला आकडा सांगितला. "वजनावर देऊन टाक, आई. त्या पैशांत तुझा गुडघा होईल." मी म्हटलं, दारं गंजलीत. "गंजणारच. समुद्र काय लांब आहे?"

तयार कारण हातात दिलं त्याने. मी घेतलं. तारेबद्दल बोलले नाही.

५ मार्च, गुरुवार
नितीन परवा आला, एकटाच. सूनबाईला रजा नाही. आज सकाळी पालखी घरी आली. ओटी भरली, नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालणाऱ्याने विचारलं, "काय मागणं, काकी?" नितीनच पुढे झाला, म्हणाला, "गाडीचं काय ते एकदाचं मार्गी लागू दे." सगळे 'होय महाराजा' म्हणाले. मीही म्हणाले. खोटं बोलल्यासारखं वाटलं, तेही पालखीसमोर.

जेवणं झाल्यावर त्याला मांगरात नेलं आणि सगळं सांगितलं. भोकं, गाळ, तार. गाडी मीच घालवली म्हणून सांगितलं. त्याने तार खिळ्यावरून काढली. वाकवलेलं टोक अंगठ्याने चाचपलं. मला वाटलं, आता ओरडतो.

"ही माझी होती, आई."
"काय?"
"तार. तिसरीपासून मीच करायचो. बाबांनी माझ्या जुन्या सायकलची काढून वाकवून दिली होती. एका भोकाला चार आणे. कॉलेजला गेलो तेव्हापासून ते करायला लागले."

मला आठवलं. गाडीखाली लोळून शर्ट काळा केला म्हणून मी त्याला मारायची.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."
"हो."
"मी दर मे महिन्यात फोनवर सांगायची, तेल लावलं म्हणून."
"मी म्हणायचो, बरं केलंस." तो तारेकडेच बघत होता. "एकदोनदा आलं होतं मनात. विचारावं, भोकं कोण बघतं."
"मग?"
"विचारलं असतं तर यावं लागलं असतं."

सहा वर्षांत तो मे महिन्यात एकदाही आला नाही. मीही ये म्हटलं नाही. त्याने तार परत लावली. घरात येऊन मी कोकम सरबत केलं, दोघं प्यायलो. साखर कमी आहे म्हणाला. घालून दिली.

७ मार्च, शनिवार
काल आणि आज गाडीचा विषय नाही. त्याने पाण्याच्या टाकीचा नळ बदलला. पुस्तक चाळताना दिसला, ते खुणांचं पान. मला बघून मिटलं. वजनावर द्यायचं पुन्हा बोलला नाही. ठेवायचंही बोलला नाही.

८ मार्च, रविवार
सकाळच्या गाडीने गेला. वेळेच्या तासभर आधी निघाला. स्टेशन एवढं लांब नाही. मी म्हटलं, इतक्या लवकर कशाला? म्हणाला, असू दे.

दळवी उद्या विचारणार. कोल्हापूरची दारं, युसुफभाईंचा पत्रा, की सांगाडा. तिन्ही उत्तरं पाठ केल्यासारखी म्हणून बघितली. एकही माझं वाटत नाही.

संध्याकाळी मांगर झाडायला गेले. काळा डाग निघत नाही, निघणारही नाही. हत्यारं पुसायला घेतली. पहिल्या खिळ्याला करवत, दुसऱ्याला पाने. तिसरा खिळा मोकळा. तार खाली पडली असेल म्हणून वाकून बघितलं, फळीमागे बघितलं. नाही.

आठला नितीनचा फोन. पोचलो म्हणाला. जेवलास का विचारलं. हो म्हणाला.

तारेचं मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.