सशांना पाजलेला काढा

आबा, तुमचा काढा मी सशांना पाजला आणि त्यानं काडीचाही फरक पडला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं बोलणं तुम्ही कधी शेवटपर्यंत ऐकलंच नाहीत. मी फार्मसीला गेले तेव्हा सांगोल्याच्या बाजारात झाडपाल्याची औषधं देत बसलेले तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात, "शिकू द्या की, रंगीत पाणी बाटलीत भरून इकायला." लोक हसले. सगळ्यांत जास्त तुम्ही हसलात.

आता मी सोलापुरात कॉलेजात शिकवते आणि आई माझ्याकडं असते. उन्हाळ्यात जिना चढताना तिच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनी तुंबलीय, गोळ्यांवर काही महिने निघतील, पण स्टेन्ट टाकावाच लागेल. आई म्हणते, "कशाला? तुज्या बापाचा काढा हाय की." छातीत अशीच कळ यायची तेव्हा हाच काढा पीत तुम्ही खाटेवर पडून होतात, आणि दवाखान्यात न्यायला मी दारात आणलेली गाडी परत पाठवलीत. त्याच खाटेवर गेलात. आता आईही त्याच वाटेनं निघालेली. म्हटलं, आधी ह्या काढ्याचाच निकाल लावते. कॉलेजची परवानगी काढली. तुम्हाला पळवाट नको म्हणून सगळं तुमच्या रीतीनं केलं. उजाडायच्या आत, अनवाणी, कुणाशी न बोलता, तुमच्याच कोयत्यानं उगवतीच्या बाजूची साल काढली. नाव घेतलं की झाडाचा गुण जातो म्हणायचात ना? बघा, इथंही लिहीत नाही. आणि काढा आईकडून उकळून घेतला, कारण तुमचा हातगुण तिच्याकडं आला असं गावच म्हणायचं. बाटली माझ्या हातात देताना ती विचारायची, "माजं ससं बरं हायेत न्हवं?"

तिच्या सशांना मी कित्येक महिने चरबी कालवलेलं खाद्य घालत होते, त्यांच्या रक्तवाहिन्या तुंबाव्यात म्हणून. निम्म्यांना काढा, निम्म्यांना साधं पाणी. एक तर माझी चाहूल लागली की पिंजऱ्याच्या दाराशी यायचा. शेवटी सगळे मीच मारले, त्यालाही. रक्तवाहिन्या उभ्या चिरून बघितल्या. तुपाच्या बरणीच्या कडेला राहतो तसा पिवळट थर, काढा पिलेल्यांत आणि पाणी पिलेल्यांत अगदी सारखा. मला आनंद झाला, आबा. खोटं कशाला बोलू, लई आनंद झाला.

घरी आले तर आई लसूण सोलत बसली होती. मोबाइलवरचे फोटो तिच्यापुढं धरले. "ह्यो काढा पिलेला?" "व्हय." "आन् ह्यो नुस्त्या पाण्यावरचा?" "व्हय." तिनं मोबाइल बाजूला सारला आणि स्वतःचे तळहात बघत बसली. "म्हंजी माज्याच हाताला गुण न्हाय," ती म्हणाली. "शेवटी शेवटी तुज्या बापाचं हात कापायचं. काढा मीच उकळून द्यायची. मीच मारलं की गं त्यास्नी."

मी तोंड उघडलं होतं. तुमच्याही हातात काही नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "आता मला तरी कोण करून देणार? चल बाई, कुटं न्हेतीस तितं ने." मी तोंड मिटलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

स्टेन्ट बसला. आई जिना चढते, दुपारी शेजारणींशी भांडतेसुद्धा. पण नातवाला औषधाचा चमचा देत नाही, स्वतःची गोळीही माझ्याकडून मागते. "तुज्या हातनं दे. माजा हात वंगाळ हाय." आणि तुम्ही? तुम्ही सुटलात. तुमच्या फोटोला रोज ताजं फूल असतं. खाटेवर हट्टानं मेलात तुम्ही, आणि त्याचं पाप ती वाहतेय.

हा कागद मी फाडून टाकणार आहे, नातू तिला वाचून दाखवील म्हणून. आज सकाळी गोळी गिळून ती तुमच्या फोटोकडं बघत म्हणाली, "त्यांच्या हाताला लई गुण हुता, न्हाय गं?"

पाण्याचा पेला तिच्या हातून घेत मी म्हणाले, "व्हय, लई."