बरी व्हायला गेले नव्हते

आई, तुझं चुकलं होतं. हे आधीच लिहून टाकते, कारण नंतर तुझे कष्ट आठवायला लागतात आणि माझं बोलणं गुळमुळीत होतं. मागच्या महिन्यात मी लडाखला जाऊन आले. डोंगर आहेत तिथं, पण झाड नाही, गवत नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात गंगापूरच्या पुढं जसा उजाड माळ दिसतो तसाच, फक्त आभाळाला टेकलेला. ऊन भाजणारं आणि वारा बर्फाचा. तिथल्या एका गावातून वाळूगोट्यांची वाट निघते. सकाळी चालायला लागलं की दुपारपर्यंत गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी पोचता येतं. त्या वाटेनं मी गेले, तुझ्या नातीला घेऊन. आणि बरी व्हायला गेले नव्हते.

गरम पाणी म्हटलं की तुझ्या मनात उनकेश्वरचं कुंडच येणार. माझ्या हातावर पहिला पांढरा डाग आला तेव्हा मी शाळेत होते. कोड. तू तो शब्द कधी तोंडातून काढला नाहीस, तू नुसतं ‘ते’ म्हणायचीस. ‘ते वाढलं का गं?’ दर हिवाळ्यात मला घेऊन एसटीनं आधी नांदेड, तिथून पुढं किनवटकडं, मांडीवर भाकरीचं गाठोडं. कुंडापाशी पोचलो की तू मला एका कडेला बसवतेस. बाकीच्या बाया अंघोळी करतायत, पोरं पाणी उडवतायत, मी फ्रॉकच्या बाह्या मुठीत धरून बघतेय. ‘त्यांचं होऊ दे आधी,’ तू म्हणतेस. सगळे निघून गेले की मी उतरायचं. बाहेर आले की तू माझा हात उजेडाकडं धरायचीस, अंगठ्यानं डाग दाबून बघायचीस. मग तुझा चेहरा पडायचा. मला वाटायचं, पाण्यात माझंच काहीतरी चुकलं.

उस्मानपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत दिवसभर तुझं मशीन चालायचं. गुलमंडीतल्या दुकानांतून साड्या यायच्या, तू फॉल-पिको करायचीस आणि उरलेल्या कापडाला कापड जोडून माझ्या बाह्या मनगटापर्यंत लांबवायचीस. बावचीचं तेल चोळून मला गच्चीवर उन्हात बसवायचीस. फोड आले की म्हणायचीस, औषध लागू पडतंय. आंबट बंद. चिंच नाही, दही नाही, लोणचं तर नाहीच. एकदा स्वयंपाकघरात दाराआड उभी राहून मी लिंबाच्या लोणच्याची फोड चोखत होते, तू उलथणं घेऊन आलीस. पाठीवर एकच बसलं. ‘कोण करंल तुला? सांग, कोण करंल?’ तू ओरडत होतीस आणि रडतही होतीस. मी फोड थुंकली नाही, गिळून टाकली. बीसकट.

एसटीत कंडक्टर म्हणून माझी निवड झाली तेव्हा तू दोन दिवस जेवली नाहीस. ‘सगळ्या जगापुढं हात करशील? लोक तिकीट घेतील का तुझ्या हातनं?’ तुझं हे बरोबर निघालं. गंगापूरच्या गाडीत एक म्हातारा मला म्हणाला होता, ‘बाई, तिकीट सीटवर ठेव, मी घेतो.’ मी घंटीची दोरी ओढून गाडी थांबवली. ‘हातातून घ्या, नायतर उतरा.’ गाडीतले लोक कावले, ड्रायव्हर मागं वळून बघत राहिला, आणि म्हाताऱ्यानं तिकीट घेतलं. हे तुला घरी येऊन सांगणार होते, पण तेव्हा तू दवाखान्यात होतीस आणि मग राहिलंच. ज्यानं मागं वळून बघितलं त्याच ड्रायव्हरशी पुढं माझं लग्न झालं. कोण करंल, त्याचं उत्तर हे. झाकायला काय होतं, रोज त्याच्यासमोर माझे दोन्ही हात उघडे.

आता तुझी नात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. या उन्हाळ्यात तिच्या मानेवर डाग आला, मग ओठाच्या कोपऱ्यात. मावशीचा लगेच फोन. ‘पोरीला उनकेश्वरला ने. तुझ्या आईनं तुला नेलंच ना?’ मी काही बोलायच्या आत पोरीनं माझ्या हातातून फोन घेतला. ‘आजी, गरम पाण्यात बसायचंच असंल तर पाणी मी निवडीन.’ आणि तिनं ते निवडलं, आणखी दूरचं, आणखी अवघड. मी रजा टाकली.

त्या वाटेवर श्वास पुरत नव्हता. चार पावलं टाकली की थांबायचं. बुटात वाळू, जीभ टाळूला चिकटलेली, सावली म्हणून एखादा दगडाचा ढिगारा. पोर पुढं आणि मी मागं, आणि सगळी वाट मी तुझ्याशी भांडत होते. माझे ओठ हलत असणार, कारण तिनं एकदा वळून विचारलं, ‘कुणाशी बोलतीस?’ मी म्हणाले, ‘चाल तू.’

झऱ्यापाशी दगडांवर पिवळा-पांढरा थर चढलेला, पाण्यातून वाफ उठत होती. वास तोच उनकेश्वरचा, आगकाडी विझवल्यासारखा. दगड रचून केलेल्या डबक्यात एक नवरा-बायको बसले होते, माझ्याच वयाचे. मी जॅकेट काढलं. नवरा बायकोला मराठीत म्हणाला, ‘चल, निघू. हिला काहीतरी आहे अंगावर.’ तिकडं मराठी कुणाला कळणार, असं त्याला वाटलं असावं.

‘कोड आहे, भाऊ,’ मी म्हणाले. ‘कुणाला लागत नाय ते. आणि मी संभाजीनगरची आहे.’

त्याचं तोंड उतरलं. ‘नाही, तसं नाही हो, आम्ही निघतच होतो...’

‘तुम्ही निघा,’ बायको म्हणाली. ‘मी एवढं चालून आलेय, माझं अंग अजून शेकायचंय.’ आणि ती सरकून मला जागा करून देऊ लागली.

मी अजून बोलणार होते. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, तो माणूस आयता समोर सापडला होता. पण पोर माझ्या शेजारून पाण्यात उतरली आणि म्हणाली, ‘आई, बास. तू लई भांडलीस. मला भांडायचं नाय, मला नुसतं बसायचंय.’ तिनं मान मागं दगडावर टेकली आणि डोळे मिटले. डाग उन्हात तसाच उघडा. तिनं तो झाकला नाही की कुणाला दाखवलाही नाही. मला राग आला आधी. मग मीही उतरले.

गळ्यापर्यंत ऊन पाणी, डोक्यावर तो गार वारा. बाई सांगत होती, त्यांच्या मुलाला चालायचा कंटाळा, म्हणून तो खाली हॉटेलात झोपलाय. नवरा काठावर बसून बूट घालायचं नाटक करत होता, मग त्यानंही पाय सोडले पाण्यात. आम्ही कितीतरी वेळ बसलो. बाहेर आल्यावर कुणी कुणाचा हात उजेडाकडं धरला नाही.

घरी आल्यावर मावशीनं विचारलं, ‘काही फरक पडला का?’ मी म्हणाले, ‘पडला.’ तिला आनंद झाला, मी होऊ दिला.

हे कुठं पाठवू, तुला पत्ताच नाही. पण एक सांगायचं राहिलं. आयुष्यभर तू माझ्याबरोबर आहेस, ओरडतेस, मी उलटून बोलते. त्या पाण्यात असताना मात्र तू एकदाही आठवली नाहीस. उतरणीला लागलो तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं, आणि बुटातली वाळू काढायच्या निमित्तानं मी पोरीला पुढं जाऊ दिलं.