शाळेच्या जिममधली एकोणीस मतं

केंब्रिज, ओंटारिओ
२२ फेब्रुवारी

प्रिय बीआट्रिस,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस तर न वाचताच फाडून टाकशील, म्हणून पत्ता ब्रेंडनकडून लिहून घेतला. टेक्स्ट का नाही करत, मॉम, असं तो इंग्रजीत विचारत होता. आत्यानं आपले सगळे नंबर ब्लॉक केलेत हे त्याला काय सांगणार? विनिपेगला पत्र पोचायला किती दिवस लागतात कोण जाणे, म्हणून एक्स्प्रेसनं टाकते आहे. लवकर पोचायला हवं.

यंदा इकडे बर्फ फार. ड्राइव्हवे मीच शोव्हल करते, विंटर टायर्ससुद्धा मीच बदलून आणले. तुझ्या भावाला, पॉलला, आता जमत नाही. नोव्हेंबरपासून तो प्लँटमध्ये गेलेला नाही. त्याचं पुढे लिहिते, आधी तुझ्या शाळेचं सांगते. तुला भीती होती तसंच झालं. कुठल्या रस्त्यावरची मुलं कुठल्या शाळेत जातील ती हद्द बदलली, आणि भाड्यानं बेसमेंटमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांची मुलं आता पार हायवेपलीकडच्या शाळेत जातात. सकाळी उणे वीसमध्ये कोपऱ्यावर बसची वाट बघत उभी असतात. कामाला निघताना मला रोज दिसतात, आणि मी रोज मान फिरवते.

तू शाळा मंडळाच्या ट्रस्टीपदाच्या निवडणुकीला उभी राहिलीस त्या वर्षाची मला सारखी आठवण येते. आमचं किचन म्हणजे तुझं ऑफिसच झालं होतं. तू आणि पॉल टेबलावर नकाशे पसरून बसायचात, मी चहा करायची. वसईतून आलेली इतकी घरं, सगळ्यांची मुलं कॅथलिक शाळेत, तरी त्या मंडळावर आपलं माणूस नाही, म्हणून तू चिडायचीस. तुझं खरं होतं. चर्चच्या हॉलमध्ये उभी राहून तूच सगळ्यांना समजावलंस की इथे शाळांची मंडळं दोन, पब्लिक आणि कॅथलिक. आपण कॅथलिक मंडळाचे असं फॉर्म भरून कळवलं नाही, तर नाव आपोआप पब्लिकच्या यादीत पडतं आणि मतदानाला त्याच मंडळाचा कागद हातात येतो. बाप्तिस्मा झाला म्हणून सरकारला आपोआप कळत नाही, असं म्हणालीस तेव्हा सगळे हसले होते. मग मिस्सेनंतर दोन रविवार बसून आपण सेहेचाळीस घरांचे फॉर्म भरून घेतले आणि तू ते पोचवायला माझ्या हातात दिलेस. वहिनी, हे तू सांभाळ, यात इंग्रजी बोलावं लागत नाही, असं सगळ्यांसमोर म्हणालीस. तू सहज बोललीस ग. मला मात्र ते झोंबलं.

मग निकाल लागला. तू सदतीस मतांनी पडलीस, आणि आपले सगळे लोक जिथे मत द्यायला जातात त्या शाळेच्या जिममध्ये तुला मिळाली एकोणीस मतं. आपलीच ऐंशीच्या वर यायला हवी होती. त्यानंतरच्या रविवारी चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये तू पॉलला गाठलंस. हद्द बदलणार ती बदलणारच, उगाच डोकं फोडून घेऊ नकोस, असं तो कधीतरी तुला म्हणाला होता, तेच तू धरून बसलीस. मतदानाला तू व्हॅनमधून माणसं आणलीस ती मला पाडायलाच, घरचाच भेदी निघालास, असं तू त्याला सगळ्या पॅरिशसमोर म्हणालीस. तो गप्प उभा राहिला. मी त्याच्या शेजारीच होते, माझ्याही तोंडाला कुलूप. दोन महिन्यांत तू घर विकून विनिपेगला गेलीस.

बीआ, ते फॉर्म मी पाठवलेच नाहीत.

विसरले, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. विसरले नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात तिकडे वसईत, गिरीजला माझी आई वारली. प्लँटमध्ये काम फार आहे म्हणून पॉलनं रजा मागितलीसुद्धा नाही. मी एकटी गेले, महिन्याच्या मिस्सेला जावई कुठे आहे म्हणून सगळ्यांनी विचारलं. आणि ऑगस्टमध्ये त्यानं तुझ्या प्रचारासाठी दोन आठवड्यांची रजा टाकली. माझं डोकं फिरलं. फॉर्म पोचवायची शेवटची तारीख मला पाठ होती. लिफाफा रजयांच्या कपाटात ठेवला होता. रोज कपाट उघडायची, बघायची आणि बंद करायची. तारीख गेली तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहायला हात धजत नाही, पण खोटं लिहिण्यासाठी हे पत्र नाही.

मतदानाच्या दिवशी आपल्या लोकांच्या हातात पब्लिकचा कागद आला. त्यावर तुझं नाव नव्हतं. तिथल्या बाईला विचारलं असतं तर जागच्या जागी दुरुस्ती करून मिळाली असती, पण आपली माणसं सरकारी टेबलापुढे तोंड उघडतात का? आपलंच काहीतरी चुकलं असं समजून कोणी कुठल्याही नावापुढे खूण केली, कोणी तसाच कागद परत दिला. मग लाजेनं तुला कोणी सांगितलं नाही. तुझ्याविरुद्ध कोणी गेलं नव्हतं.

आता पॉलचं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलेला. दहा दिवसांपूर्वी त्याला हॉस्पिसमध्ये हलवलं. डॉक्टर आता महिन्यांची भाषा करत नाहीत. मंगळवारी त्याच्यापाशी बसून मी हे सगळं सांगून टाकलं, म्हटलं, निदान त्यानं तरी मला शिव्या द्याव्यात. तो म्हणाला, मला ठाऊक आहे. निवडणुकीनंतर गुरुवारी थंडी पडली म्हणून तो रजई काढायला गेला, तेव्हाच लिफाफा त्याच्या हाती लागला होता. म्हणजे पार्किंग लॉटमध्ये तू त्याला बोलत होतीस तेव्हा त्याला सगळं माहीत होतं, आणि त्यानं माझं नाव घेतलं नाही. माझ्या आईच्या वेळी मी गेलो नाही, ते माझं चुकलंच होतं, एवढंच म्हणाला. आणि वर मला बजावलं की बीआला हे कधी सांगू नकोस, माझ्यामागे या देशात तुला आणि ब्रेंडनला तिच्याशिवाय कोण आहे? त्याचं एवढं एकच मी ऐकत नाही. दारात पावलं वाजली की तो अजून मान वळवून बघतो. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस. तू असशील तेवढा वेळ मी बाहेर गाडीत बसेन. पण तो माणसं ओळखतो आहे तोवर ये, आणि तुझा भाऊ तुझ्याविरुद्ध नव्हता, हे तुला कळलंय, असं त्याला तुझ्या तोंडून ऐकव.

म्हणवून घ्यायचा हक्क राहिला नाही, तरी तुझीच,
डिम्पल वहिनी