तेलातली कुरबुर

६ ऑक्टो., सोम.
धुळ्याहून सकाळीच सबस्टेशनला. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा रिपोर्ट आलाय. हायड्रोजन वाढलेला, बाकीचे वायू होते जवळपास तिथेच. म्हणजे आत कुठेतरी पार्शल डिस्चार्ज, बारीक बारीक ठिणग्या. मी आपली कुरबुर म्हणते. इन्सुलेशनचा कागद रोज थोडा थोडा खाते आणि एक दिवस...
साहेबांना फोन. "मॅडम, दिवाळी तोंडावर आलीय. शटडाऊनचं नाव काढू नका." अजून काढलंच नव्हतं.

७ ऑक्टो.
अर्थिंगच्या पट्टीला ठिणग्या टिपणारा क्लॅम्प लावला. स्क्रीनवर नुसता धुमाकूळ. चरकले. आत एवढं चालू असेल तर हा टिकला कसा?
मग मान वर केली. बुशिंगच्या, म्हणजे तार आत नेणाऱ्या चिनी मातीच्या खांबाच्या वर, लोखंडी कमानीला दसऱ्याच्या चमकीच्या झालरीचा वीतभर तुकडा लोंबतोय! ऑपरेटर नाना ओशाळले. "दसराले मीच बांधेल व्हती, ताई. सोडताना तुटनी व्हई."
हसूही येईना, रागही जाईना. झेंडू बांधा, आंब्याची पानं बांधा. चमकी कशाला मेली!

८ ऑक्टो.
थोडा वेळ लाइन बंद घेऊन तुकडा काढला. धुमाकूळ जवळजवळ शांत. साहेब खूश. "बघा, तोरण निघालं. मिटलं." ऑफिसात मी आता तोरणवाल्या मॅडम.
पण स्क्रीनवर खाली थोडं उरलंय. बारीक, एका ठेक्यात. साहेबांना म्हटलं, तेलाचा नमुना दसऱ्याआधीचा आहे. आणि बाहेरच्या चमकीनं आतल्या तेलात वायू कसा होईल? तर म्हणे, "होतं असं कधीकधी." काय होतं असं?

१० ऑक्टो.
आवाजाचे सेन्सर जळगावहून आले. टाकीच्या पत्र्याला चिकटवायचे. ज्याला आवाज आधी पोचतो, जागा त्याच्या जवळ. खेळ एवढाच. दिवसभर तेच. ग्रीस पूस, सेन्सर सरकव, परत लाव. पंख्यांची घरघर मध्ये येते ती वेगळीच. डबा विसरले होते. नानांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला. डोळ्यांतून पाणी, पण तरतरी आली.
दिवस मावळायच्या आत सापडली! मधल्या फेजच्या बुशिंगखाली, लीडची तार टाकीत उतरते तिथे. सेन्सर हलवून हलवून पाहिलं, जागा तीच. खडूनं गोल केला. काय बरं वाटलं म्हणून सांगू. मग लगेच भीती वाटली. तो गोल बरोबर कंट्रोल रूमच्या खिडकीसमोर आहे, आणि नानांचं टेबल खिडकीशी.

१३ ऑक्टो., सोम.
खडूच्या गोलावर हळदकुंकू. नाना म्हणतात, "तुम्ही खूण करी, माले वाटनं काही मोठं शे." रागावणार तरी कसं?
दुपारी साहेबांकडे. आधी चहा मागवला, तेव्हाच ओळखलं, नाही म्हणणार. "दिवाळीत फुटेल असं लिहून द्या. उद्या बंद करतो."
कसं लिहून देऊ? वर्षभर चालेल, नाहीतर उद्याच... हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय उघडला आणि आत काहीच दिसलं नाही तर? तोही विचार येतो, खोटं कशाला बोलू. लिहिलं : जागा नक्की. वेळ नक्की नाही. ट्रा. लगेच बंद करावा.
साहेबांनी दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं आणि चहा संपवला.

१६ ऑक्टो.
ठरलं. निम्मा भार शेजारच्या ट्रा.वर. बंद करून उघडायचं ते भाऊबीजेनंतर. सणात लाइट गेली की लोक साहेबांच्या दारात उभे राहतात, त्यांचंही खोटं नाही. तरी चिडचिड व्हायची ती झालीच. भार निम्मा केला म्हणून कुरबुर निम्मी होत नाही, ती व्होल्टेजवर चालते. तसं म्हटलं. "तेवढंच समाधान," म्हणाले. कोणाचं?

१७ ऑक्टो., वसुबारस
रोज क्लॅम्प लावून बघते. आज कालच्याएवढंच. बरं म्हणायचं.
लक्ष्मीपूजनाला ड्यूटी नानांची. बदलून घ्या, असं अगदी ओठावर आलं होतं. पण मग दुसरं कोणीतरी बसणारच तिथे. दोघांनी मिळून टेबल खिडकीपासून मागच्या भिंतीला सरकवलं.
बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "मंग फेरी मारताना कोठे उभं राहवानं नही, ते सांगा."
हातानं दाखवलं. इथून इथपर्यंत.
"किती दिन, ताई?"
मी परत तेवढीच जागा हातानं दाखवली.