बहात्तर किलोचं माप

आळे, ३ नोव्हेंबर २०२४

चि. निर्मलास, हनुमंतदादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. फोनवर तू उपदेश सुरू केला की मी कट करतो, म्हणून पत्र धाडलंस व्हय! मी रोज नाईन्टी घेतो ही चुगली तुझ्या वहिनीचीच, दुसरं कोण?

पण तूच लिवलंस की पुण्यात तुमच्या प्रयोगशाळेत उंदरांना मापानं दारू पाजत्यात, थोडी पिणाऱ्याचं काय व्हतं ते बघायला. पाव किलोच्या उंदराला रोज पाव ग्रॅम, तेबी निव्वळ अल्कोहोल, पाणी न धरता. सहा महिने झाले तरी केस तुकतुकीत, खाणं झकास.

आपण मेंढरांना जंताचं औषध वजनावरच पाजतो. कोकराला येगळं, नराला येगळं. माझं वजन बहात्तर किलो, म्हंजी मला बहात्तर ग्रॅम. दारूच्या दुकानातल्या सयाजीला इचारलं, एवढं अल्कोहोल कितीत येतं, तर म्हणला, क्वार्टर संपवून वर चार घोट. आन् मी येडा नाईन्टीवर भागवत व्हतो! आता शास्त्राचं माप धरलंय.

लोभ असू दे. उंदरांना रामराम सांग.

तुझा दादा

आळे, ११ डिसेंबर

निर्मलाताईंस हिराचा नमस्कार वि. वि.

ताईला फोन करायचा न्हाई, अशी ताकीद हाय. पत्राचं काय बोलले न्हाईत, म्हणून लिवते. सोमवारी मेंढरं कोंडताना हे चक्कर येऊन पडले. कपाळाला चार टाके. मंचरला नेलं. डॉक्टर म्हणले, लिवरला सूज हाय, अजून सुधारंल, पण आता एक थेंब न्हाई. तर हे खिशातून तुमचं पत्र काढून त्यांनाच दावाया लागले.

घरी आल्यावर पुन्हा तेच. काय बोलाया गेलं की निर्मलानं माप दिलंय म्हणत्यात. मी लई थकले ताई, सांगून सांगून तोंड दुखलं. तुमचं माप तुमीच परत घ्या. तुमचं ऐकत्यात.

माया पातळ करू नका.

तुमची वहिनी हिरा

पुणे, १६ डिसेंबर

ती. दादास, निर्मलाचा सा. न. वि. वि.

वहिनीवर चिडू नकोस. चूक माझी. आकडा लिहिला, आणि मेंढरं पाजणारा माणूस तो वजनानं गुणणार हे डोक्यातच आलं नाही. दादा, उंदराचं अंग दारू आपल्यापेक्षा कितीतरी भराभर जिरवतं. त्याचं माप माणसाला असं लावायचं नसतं रे. थोडी बरी की वाईट, यावर इथे साहेब लोक अजून वाद घालतात. बारा वर्षं पिंजरे धुतेय, मला त्या वादाचा वीट आलाय. तुझ्यापुरतं डॉक्टर बोललेत, तेवढं बास.

केस तुकतुकीत होते, ते खरंच. काल प्रयोग संपला. सगळ्या उंदरांना भूल देऊन मारलं आणि पोटं उघडली. थोडी पिणाऱ्यांतल्याही काहींची यकृतं चरबी धरून पांढुरकी झाली होती. काल सकाळीही तेच उंदीर माझ्या हाताशी येऊन खाणं मागत होते. वरून काही म्हणता काही कळलं नव्हतं. आमच्याकडे मारल्याशिवाय कळत नाही, दादा.

तुला जिवंतपणी कळलंय. आईबाप गेल्यावर माझं माहेर म्हणजे तूच. सोड ती.

लोभ असावा असं लिहायला तू असावास, एवढंच मागते.

तुझी निर्मला