सलिलच्या नाकाची बिअर

डँडेनॉन्ग,
रविवार, १३ मार्च २०२२

प्रिय मंजिरी,

तुझी मेल येऊन तीन आठवडे झाले. मध्ये तू "बिझी आहेस का रे?" असं विचारलंस आणि मी "शिफ्टा चालू आहेत" असं ठोकून दिलं. शिफ्टा कसल्या डोंबलाच्या! अनुष्का पॉझिटिव्ह निघाली म्हणून आठवडाभर दोघंही घरातच होतो. ती आता ठणठणीत आहे, काळजी नको. आईंचा गुडघा कसा आहे? बाबा फिरायला जातात का?

इकडे फॉस्टर स्ट्रीट पुन्हा गजबजलाय. मास्क लावलेला मी एकटाच. दुकानातला सरदारजी हसतो, "अरे भाई, अभी भी?" मी म्हणतो, हां भाई, अभी भी.

आता कामाचं. वर्षश्राद्धाला सलिलचा शाळेतला मित्र भास्कर त्याच्या ब्रूअरीत सलिलची पेल एल बिअर करून देणार, "फक्त रेसिपी तुझ्याकडे आहे, यतीन," असं तू लिहिलंस. श्राद्धाला बिअर! आईंनी हो म्हटलं हे वाचून आधी हसलो आणि मग बराच वेळ बाथरूममधून बाहेर आलो नाही.

तर घे. माप वीस लिटरचं आहे. बार्लीचं पेल माल्ट चार किलो, गहू अर्धा किलो. उकळी एक तास. हॉप्स, म्हणजे त्या गुरांच्या पेंडीसारख्या दिसणाऱ्या हिरव्या गोळ्या, सुरुवातीला फक्त दहा ग्रॅम, कडूपणापुरत्या. मग पन्नास ग्रॅम गॅस बंद केल्यावर. इथे भास्करने घाई केली तर वास सगळा वाफेवर जाईल. मी एकदा केली होती, तेव्हा सलिल ओरडला होता, "आमटीत कोथिंबीर आधी टाकून शिजवतोस का रे गाढवा?" मग यीस्ट. आणि चौथ्या दिवशी, बिअर आंबत असताना, पुन्हा हॉप्स, ऐंशी ग्रॅम. तीन दिवसांत काढायच्या, नाहीतर गवत खाल्ल्यासारखं लागतं.

ऐंशी हा आकडा सलिलचा नाही. मी अंदाजाने लिहिलाय. तो त्याने ठरवायचा होता आणि ते राहून गेलं.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही नवरा-बायको बाबांच्या ऑपरेशनला तीन आठवड्यांसाठी म्हणून पुण्याला गेलात, इथली बॉर्डर बंद झाली आणि टेम्पररी व्हिसावाले तुम्ही तिकडेच अडकलात. जाताना सलिलने आमची हॉप्सची पिशवी अर्धी करून नेली होती. तू वैतागली होतीस, कपड्यांना वास लागेल म्हणून. ती तुमच्या फ्रीझरमध्ये, माझी अर्धी माझ्या. दर रविवारी माझ्या दुपारी, तुमच्या सकाळी, तो तिकडे हुंगून फोनवर आकडे सांगायचा आणि मी इथे लाँड्रीत बिअर करायचो. नाक त्याचं, हात माझे. मॉसन लेक्सला युनीत शिकताना एका घरात राहायचो तेव्हापासून हेच. गेटमधूनच सांगायचा, यतीनने पुन्हा फोडणी जाळली.

अजूनही रविवारी तीन वाजले की मी लाँड्रीत जातो. डब्याचं झाकण उघडलं की मागून "थांब, अजून टाकू नकोस" असं ऐकू येतं. मंजिरी, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, पण मी थांबतो. परवा हातात चमचा घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. अनुष्का दारात येऊन म्हणाली, "कुणाशी बोलतोयस?"

तुझ्या मेलमधलं एक वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. "बुधवारी ताप आला तेव्हा मी साधा म्हणून दोन दिवस घालवले, ते मी स्वतःला कधीच माफ करणार नाही." आणि त्याच्याच वर तू लिहिलंयस की पाडव्याला सलिल उगीच किरकिर करत होता, श्रीखंडात वेलची नाही, केशर नाही म्हणाला, आईंनी बिचाऱ्यांनी पुन्हा वेलची कुटून घातली.

पाडवा मंगळवारी होता. त्याच्या आधीचा रविवार, ११ एप्रिल. त्या दिवशी आम्ही या ऐंशीच्या जागचा आकडा ठरवायला फोनवर बसलो होतो. त्याने पिशवी उघडली, हुंगली, आणि म्हणाला, "मेलाय हा माल. काहीच वास नाही. फेकून दे, दुसऱ्या हॉप्स घेऊ." मी माझी पिशवी उघडली. आंबा आणि पॅशनफ्रूट, अख्खं घर भरलं. मी म्हटलं, "वाट्टेल ते काय बोलतोस, वास तर नुसता दरवळतोय!" तो चिडला. मी म्हटलं, "फार नाकाने कांदे सोलू नकोस, तुमच्या फ्रीझरमध्ये मेथीच्या जुड्यांखाली कोंबल्यास तू." बरंच वाजलं आमचं. मग तो कॉफीचा घोट घेऊन म्हणाला, "आज आईची कॉफीपण पाणी झालीये."

मला कळलं.

मंजिरी, त्याच क्षणी कळलं. एप्रिल २०२१मध्ये वास गेल्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. फोन ठेवल्यावर मी मेसेजही लिहिला, "साल्या, टेस्ट करून घे आजच." आणि पुसून टाकला.

का पुसला ते लिहायला मला अकरा महिने लागले. घाबरवायला नको, असं मी सगळ्यांना सांगितलं असतं. खरं ते नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं नाक बरोबर होतं आणि त्याचं चुकलं होतं. मला तो आठवडाभर चुकलेला हवा होता. पुढच्या रविवारी त्याला चिडवायचं होतं. म्हणून मी मूग गिळून बसलो. पुढच्या रविवारी तो ऑक्सिजनवर होता, आणि त्याच्या पुढच्या रविवारी तुझा फोन आला.

फोनवर तू रडत म्हणालीस, "कुणालाच काही कळलं नाही रे." आणि मी म्हटलं, "हो."

डॉक्टर म्हणतील, तीन दिवसांनी काय फरक पडणार होता. पडला असता किंवा नसता. त्या रविवारी बेड मिळत होते, शनिवारी नव्हते, एवढं मला माहीत आहे. तू मला माफ कर असं मी म्हणणार नाही, तो अधिकार मला नाही. आईंना सांगायचं की नाही ते तू ठरव. भास्करला हा कागद दे किंवा फाडून टाक. पण तो बुधवार तू आता खाली ठेव. तुला खरंच ठाऊक नव्हतं.

रविवारीच सगळं कळूनही गप्प बसलेला,
यतीन