एक्क्याऐंशी ते शंभर

प्रिय सरकार,

या नावाने हाक मारून सात महिने झाले. लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. तुझा दादा म्हणतो, ती फोन कानाला लावत नाही, पण पत्र आलं तर वाचते. म्हणून दुकानात जेवणाच्या सुट्टीत बसलोय आणि जुन्या मालयादीच्या कोऱ्या पाठीवर लिहितोय. अक्षर नेहमीसारखंच कोंबडीचे पाय आहे. लागलं नाही तर दादाकडून वाचून घे, पण शेवटचा परिच्छेद मात्र तूच वाच.

दादाकडे मी दर आठवड्याला सगळं ठीक आहे असा निरोप ठेवत आलो. ते खोटं होतं. आपल्या भिंगरीला शाळेने पहिलीत बसवलंय. नऊ वर्षांची पोर बुटक्या खुर्चीवर बसते, गुडघे हनुवटीला टेकतात, आणि शेजारचं शेंबडं कार्टं तिला रोज विचारतं, तू नापास झालीस का. तू गेल्यावर मी कामासाठी तिला घेऊन या परराज्यात आलो; इथली शाळा इथल्या भाषेत चालते आणि तिला ती येत नाही, एवढाच काय तो तिचा गुन्हा. मोठ्या बाईंनी एकशे वीस शब्दांची यादी दिली. चित्र बघून शब्द लिहायचा. एकशे दहा बरोबर आले तर तिच्या वयाच्या मुलांत बसायचं, नाहीतर वर्षभर तिथेच. दोनदा संधी आहे, त्यातली एक वाया गेली. दुसरी एकवीस तारखेला, म्हणजे आजपासून बारा दिवसांनी.

पहिला महिना आम्ही नुसतं घोकलं. सकाळी दहा शब्द पाठ, संध्याकाळी शाळेतून येईपर्यंत सगळे सफाचट. मी चिडायचो, ती फ्रॉकची कॉलर चावायची. एके दिवशी शाळेतून निरोप आला की कोरडे कपडे घेऊन या. बाहेर जाऊ का, एवढं विचारायला तिच्याकडे शब्द नव्हते, म्हणून ती दुपारपर्यंत तशीच बसून राहिली आणि मग व्हायचं ते झालं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. तू मला गोदामवाला म्हणून चिडवायचीस ना? या दुकानात गाड्यांचे सहा हजार सुटे भाग आहेत आणि मला त्यातला एकही पाठ नाही. मेकॅनिक नाव घेतो आणि माझे पायच निघतात, तिसरी रांग, खालचा कप्पा, डावीकडे. मला काही आठवावं लागत नाही, मी फक्त जागेवर जातो. मी तिला म्हटलं, आपणही शब्दांना जागा देऊ. पण इथे आमची एकच खोली, त्यात दोन खाटा आणि एक टेबल. एवढ्यात एकशे वीस शब्द कुठे ठेवणार? तेव्हा म्हटलं, डोळे मीट आणि आपल्या आधीच्या घरी चल.

काय मजा आली म्हणून सांगू. जिन्यात वीस शब्द, बाहेरच्या खोलीत वीस. चपलांच्या फळीवर बकरी तुझी सँडल चघळत बसली. स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये एक जहाज अडकलं आणि कप्तान आपल्या चमच्याने पाणी उपसायला लागला. न्हाणीघरात हत्ती साबण मागत होता. गॅलरीतल्या दोरीवर तिने एका न्यायाधीशाला चिमटे लावून वाळत घातलं आणि स्वतःच खाटेवर लोळून हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली. चित्र दिसलं की इथला शब्द आपोआप तोंडात यायचा. आपल्या आतल्या खोलीतही वीस ठेवले, यादीतले एक्क्याऐंशी ते शंभर. पलंगावर घोडा झोपवला, आरशाला मिशा काढल्या, कपाटातून नदी सोडली. ते सगळं मीच रचलं. ती नुसती मान हलवत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

परीक्षेचा कागद मोठ्या बाईंनी मला दाखवला. शंभर शब्द बरोबर, एकाही अक्षराची चूक नाही. आणि वीस जागा कोऱ्या. चुकीचंही काही लिहिलेलं नाही, नुसत्या कोऱ्या. एक्क्याऐंशी ते शंभर. बाई म्हणाल्या, दमली असेल. मला मात्र वाटलं, ही मुद्दाम करतेय. घरी आल्यावर मी तिला उभं केलं आणि घोडा कुठे आहे ते विचारलं. म्हणाली, खोलीत. मग सांग ना त्याला काय म्हणतात. गप्प. दहादा विचारलं, दहाही वेळा गप्प. आणि मी तिला मारलं. एक चापट, पण जोरात. आजवर कधी हात उचलला नव्हता, तुला माहीत आहे. ती रडलीसुद्धा नाही. गालावर हात ठेवून, मला एखादी साधी गोष्ट समजत नाही अशा सुरात म्हणाली, “मला आत कसं जाता येईल, बाबा? आईने बोलावल्याशिवाय आत यायचं नाही म्हणून सांगितलंय.”

तुला आठवतं का, मला माहीत नाही. तू जाण्याआधीच्या त्या दोन महिन्यांत आतल्या खोलीत पडदे लावून पडून असायचीस आणि ती शाळेतून आली की दाराबाहेर वही घेऊन बसायची. शेवटच्या सकाळी तू तिला म्हणालीस, मी बोलावेन तेव्हा ये, तोपर्यंत आत येऊ नकोस. मी तुला दोष देत नाहीये. तुझी काय अवस्था होती ते मी बघितलंय. दुपारी दादा येऊन तुला घेऊन गेला तेव्हा ती शाळेत होती. पुढचं पाप माझं आहे. ती आल्यावर तिला खरं सांगायची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, आई झोपलीये, उठवू नकोस. दोन दिवस तेच सांगत राहिलो. ती चवड्यांवर चालायची, पेला ठेवतानासुद्धा आवाज करत नव्हती. तिसऱ्या दिवशी सांगितलं की आई मामाकडे गेलीये. नंतर घर रिकामं केलं, तेव्हाही तिला शेजारी ठेवलं होतं. ते दार उघडं, खोली मोकळी, हे तिने कधी पाहिलंच नाही. आणि मी अडाण्याने नेमके वीस शब्द तिथे नेऊन ठेवले.

तेव्हापासून सगळं करून बघितलं. शब्द उचलून जिन्यात आणले, तर ती म्हणते, ते आतच आहेत. जागा बदललेला माल शोधायला माझे पाय वर्षभर जुन्याच कप्प्याकडे जातात, तिला काय बोलणार? मी म्हटलं, चल, मी दार उघडतो. तर म्हणाली, तुम्ही नव्हतं सांगितलं ना. आता तर गॅलरीतला न्यायाधीशही पुसट व्हायला लागलाय. काल तिने मला विचारलं की आईला त्या घोड्याचा त्रास होत असेल का, काढून टाकू या का. मी हात टेकलेत, सरकार.

तू ये असं मी म्हणत नाही. बरी हो, हवा तेवढा वेळ घे. फोन नको, मोठं पत्र नको, मी कसा आहे हेही विचारू नकोस. सोबत एक कोरं कार्ड ठेवलंय, त्यावर पत्ता मीच घातलाय. आज पत्र टाकलं तर तुला तेराला मिळेल. पंधराला तू टाकलंस तर एकोणीसला इथे पोचेल, म्हणजे मध्ये एक दिवस उरतो. त्यावर तुझ्या हाताने दोनच शब्द लिही, “आत ये.” पेन धरवत नसेल तर दादाला हात धरायला सांग, पण अक्षर तुझं असू दे, ती ओळखते. परीक्षा गेली तर गेली, एक वर्षच जाईल. पण ती अजून त्या दाराबाहेर वही घेऊन बसलीये गं, आणि खरं सांगायचं तर मीही तिच्या शेजारीच बसलोय.

तुझाच,
गोदामवाला